कुमुदताईंचं विरजण

कुमुदताईंनी आमच्या कॉलनीतल्या अकरा मुलींना पळून जायला लावलं, तीन ठरलेली लग्नं मोडली, एका निवृत्त फौजदाराला दुधातून विष पाजलं आणि एका हरवलेल्या जुळ्या भावाला दहा वर्षांनी दारात आणून उभं केलं. यांतलं एकही माणूस आमच्या कॉलनीत कधी राहत नव्हतं. तरी त्यांच्यातल्या प्रत्येकासाठी मी हळहळलो आहे. फौजदार गेल्याची बातमी आली त्या दिवशी तर माझ्या बायकोनं, मंगलनं, घरात शिरा केला नाही. चतुर्थीचा होता, तरी केला नाही.

तेव्हा कुमुदताईंबद्दल सांगताना काय घडलेलं आणि काय त्यांनी रचून सोडलेलं, याची माझी मलाच धड खात्री नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत त्या बरोबर आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होत्या आणि उरलेल्या वेळात प्रेमकादंबऱ्या लिहायच्या. लायब्ररीत बायका दुपारी रांग लावून नेतात त्या जातीच्या. मुखपृष्ठावर उडणारी बट, मागे डोंगर, आणि डोंगराच्या मागे हमखास सूर्य. स्वतः ताई मात्र ठेंगण्या, जाड भिंगांच्या, पदर खोचलेल्या. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "राहून गेलं." दळण आणायचं राहून जावं, तशा सुरात.

मी ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. तिथं साधा रिव्हेटसुद्धा मोजून, भिंगातून बघून, सही करून मगच पुढे जातो. असल्या माणसानं बातमीही तपासून पुढे द्यायला हवी की नको? पण मी आयुष्यात एकही बातमी तपासली नाही. ताईंनी मला पहिल्याच महिन्यात ओळखलं.

आम्ही नवीनच राहायला आलो होतो. जिन्यात ताई भेटल्या. हातात मेथीची जुडी. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांची मुलगी आहे ना, साखरपुडा झालेली? तिला दर मंगळवारी एक पाकीट येतं. तिकीट नसलेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे पोस्टमन आणत नाही. मग कोण आणतं? पुढचं मला काही ठाऊक नाही बाबा." आणि मेथी सांभाळत वर निघून गेल्या.

मी घरात येऊन चपला काढायच्या आत मंगलला सांगितलं. मंगलनं ते भामऱ्यांच्या गिरणीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या बसमध्ये सांगितलं, आणि दुपारी कँटीनमध्ये पिंपळगाव बसवंतच्या आहेरला सांगितलं. सांगितल्यावर कसं हलकं वाटलं.

आठवड्याभरानं आहेर ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. "साहेब, तुमच्याकडची ती डॉक्टराची पोरगी लय बेरकी निघाली! आमच्या बसवंतच्या द्राक्षवाल्यासंगं गेली. कोल्ड स्टोरेजमधी लपले होते दोघं दीड दिवस. पोरगं निळं पडलं होतं म्हणे, पण तिचा हात काय सोडला नाय."

मी संध्याकाळी धावतच वर गेलो. मला वाटलं ताई हादरतील. ताई हरखल्या. "निळा पडला? असं म्हणाला? नीट सांग, शब्द बदलू नकोस," म्हणत त्यांनी दोनशे पानी वही काढली आणि माझ्यासमोर लिहून घेतलं.

"ताई, लिहिताय काय? डॉक्टरांना कुणीतरी कळवायला हवं!"

"कुठल्या डॉक्टरांना?"

"पलीकडच्या गल्लीतल्या."

"पलीकडच्या गल्लीत डॉक्टर आहेत?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

मी विचार केला. पलीकडच्या गल्लीत एक शिंपी होता, एक बंद बंगला होता आणि एका मोकळ्या प्लॉटवर म्हैस बांधलेली असायची. डॉक्टर नव्हते. त्या गल्लीतून मी रोज दोनदा जात होतो. मंगल जात होती. गिरणीतल्या सगळ्या बायका जात होत्या. आठ दिवस अख्खी कॉलनी त्या डॉक्टरांसाठी तळमळत होती आणि डॉक्टरच नाहीत, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

सहा महिन्यांनी 'शून्य अंशावरचं प्रेम' लायब्ररीत आलं. गिरणीतल्या बायकांनी ते ओळीनं वाचलं आणि एकमेकींना सांगितलं, "ताईंना सुचतं तरी कसं हो! आणि बघा, अगदी आपल्या डॉक्टरांकडे झालं तसंच!"

कादंबरी बीजापासून खर्ड्यापर्यंत कशी जाते, याबद्दल मोठमोठे लेखक मोठमोठं बोलतात. ताईंची रीत एका शब्दाची होती: विरजण. नायिका कोण आणि तिचं दुखणं काय, एवढं चमचाभर त्या स्वतः काढायच्या. मग ते नेऊन कॉलनीत लावायचं. गिरणीत थोडं, भाजीवालीकडे थोडं, आणि ओझरच्या बसला लावण्यासाठी माझ्याकडे थोडं. शेवट सांगायचा नाही. कुणाला विचारायला जायचं नाही. "ढवळलंस की मोडलं," असं त्या मला दटावायच्या. आठ दिवसांत गोष्ट भर घालून परत आली तर दही लागलं. जशीच्या तशी परत आली, किंवा आलीच नाही, तर दूध नासलं, ती कादंबरी सोडून द्यायची. वहीच्या डाव्या पानावर त्यांनी काय लावलं ते, उजव्या पानावर काय परत आलं ते. खर्डा व्हायचा तो उजव्या पानांचा.

"पण ताई, तुम्ही लेखिका," मी एकदा म्हटलं. "तुम्हीच ठरवा ना पुढे काय होतं ते."

"मी एकटी बसून काय ठरवणार? प्रेमात पुढे काय होतं, हे मला काय ठाऊक? लोकांना ठाऊक असतं." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मीही ते विनोद म्हणून आहेरला सांगितलं.

खर्डा तयार झाला की रविवारी सकाळी आम्हाला वर बोलावणं यायचं. पोहे, चहा आणि वाचन. या वाचनांतून मी कधीही शुद्धीत खाली आलेलो नाही. कारण गोष्ट चार वाटांनी परत यायची आणि दर वाटेचा नायक वेगळा. गिरणीचा नायक गरीब आणि प्रामाणिक. आमच्या बसचा नायक स्कूटरवाला. भजनी मंडळाच्या नायकाला आई नसायची, म्हणजे सुनेला सासू नाही. आणि पिंपळगावहून आलेल्या नायकाकडे, मूळचा तो सुतार असो की संस्कृतचा प्राध्यापक, सोळा एकर बाग असायचीच.

"हा विनायक कोण?" मी पोहे थांबवून विचारायचो.

"तोच रे, प्रशांत."

"मग पान दहावर घाटात जो गेला तो?"

"तोही तोच. गिरणीत गेला तो. बसमध्ये नाही गेला. अजून ठरायचंय."

"आणि आत्ता जो दारात उभा आहे?"

"तो भजनी मंडळाचा. तू मधे बोलू नकोस, माझाही गोंधळ होतो."

मंगलला मात्र सगळं समजायचं. ती डोळे पुसत असायची. मी तिला हळूच विचारायचो, नक्की कोणासाठी? ती म्हणायची, सगळ्यांसाठीच.

हळूहळू मलाही चटक लागली. नुसतं वाहून आणण्यात मन भरेना. मी संवाद सुचवू लागलो. ताई ते मोठ्यानं वाचायच्या. "'हे नियती, अखेर तूच जिंकलीस!' सुधीर, असं कधी कुणी कुणाला म्हणतं का रे?"

"कारखान्यात नाही म्हणत. पण कादंबरीत चालतं ना?"

"तुझ्या नायकापेक्षा ती नियती बरी, निदान गप्प तरी आहे." संवाद कापले जायचे. पण शेवटाच्या बाबतीत माझा शब्द चालायचा, याचा मला अभिमान होता. माझं मत ठाम होतं: शेवटी ताटातूट पाहिजे. वाचकाला रडवल्याशिवाय पुस्तक लक्षात राहत नाही. ताई थोडं कुरकुरायच्या आणि ऐकायच्या.

ताईंचा एक नियम मात्र कडक होता. खऱ्या माणसाच्या दारात विरजण सांडायचं नाही. नाव, घर, धंदा, काहीही कुणाशी जुळता कामा नये. त्या नियमाला एकदाच तडा गेला, आणि तोही त्यांच्या चुकीनं नव्हे. त्यांनी एक झुपकेदार मिशांचा बँक मॅनेजर सोडला होता. बदलून आलेला, बायकोला टाकलेला, खिडकीत बसून बासरी वाजवणारा. आणि चौथ्याच दिवशी आमच्या समोरच्या इमारतीत एक बँक मॅनेजर राहायला आले. बदलून. मिशा झुपकेदार. बासरी तेवढी नव्हती.

बिचाऱ्यांना काही उमजेना. निम्म्या बायका त्यांच्याकडे कणवेनं बघायच्या आणि निम्म्या त्यांना बघून दार लावायच्या. पंधरा दिवसांनी त्यांची बायको सामान घेऊन आली तेव्हा कॉलनीचं मत पडलं की ही दुसरी.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी पदर खोचून त्या घरोघर गेल्या. बावीस घरं. "अहो, ते मी बनवलेलं होतं. माझ्या कादंबरीसाठी. असा कुणी माणूस नाही." प्रत्येक घरात त्यांना चहा मिळाला आणि प्रत्येक घरात एकच उत्तर. "ताई, तुम्ही भोळ्या आहात. त्यानंच तुम्हाला पाठवलं असणार." गिरणीवाल्या भामऱ्यांनी तर पट्टा थांबवून, डोळे बारीक करून विचारलं, "म्हंजे बासरीचं खरं शे का ताई?"

शेवटी ताईंनी मॅनेजरांच्या बायकोलाच सगळं सांगितलं आणि हात जोडले. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पण ताई हसल्या नाहीत. पुढे वर्षभर त्या सणावाराला त्या घरी आठवणीनं काहीतरी करून न्यायच्या.

मग दिवस बदलले. घरोघरी केबल आली, दुपारच्या मालिका आल्या. गिरणीत बायका मालिकांतल्या सुनांबद्दल बोलू लागल्या. ताईंनी लावलेलं विरजण तसंच परत येऊ लागलं, मग येईनासंच झालं. त्या निवृत्त झाल्या. दोन वर्षं वहीचं उजवं पान कोरं होतं. "दुधातच आता जोर नाही रे," म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

अशात एका संध्याकाळी त्या खाली आमच्याकडे आल्या. एरवी ताई जिन्यात गाठायच्या, त्या दिवशी खुर्चीवर बसल्या. मंगल पोळ्या करत होती. ताई म्हणाल्या, "इंदिरानगरात एक बाई आहे. एकटी असते. अठ्ठावन्न वर्षांची. तिला एका माणसानं लग्नाचं विचारलंय."

मला इतका आनंद झाला! ताईंनी पुन्हा लिहायला घेतलं. "वा! हिरो कोण?"

"साठी उलटलेला. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा परगावी. कुणाशीही बोलायच्या आधी डबीतून एक वेलदोडा काढून देतो. 'तोंडात टाका, मग बोलू' म्हणतो."

"हे काढून टाका ताई. हिरो वेलदोडा देत नाही. सिगारेट तरी ओढू दे त्याला."

"नाही ओढत तो," ताई म्हणाल्या.

"नाव काय त्याचं?"

"नाव नको."

"बरं. पण शेवटाचं मी आत्ताच सांगतो. तिला नाही म्हणायला लावा. या वयात हो म्हणाली तर विनोदी कादंबरी होईल." मंगल पोळपाटावरून खळखळून हसली. ताईही हसल्या. मग म्हणाल्या, "तू बसमध्ये सांग हं. आहेरलाही सांग." इतक्या वर्षांत 'अमक्याला सांग' असं त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, निवृत्तीनंतर घाई झाली असेल.

मी मनापासून काम केलं. आणि काय सांगू, दही लागलं! बस खदखदून हसली. एक जण म्हणाला, त्याला पोळ्या लाटायला कुणीतरी हवं असेल. एक जण म्हणाला, तिला औषधं आणून द्यायला. गिरणीत ठरलं की एवढी राहिली तशी उरलेली राहील, आता थोडक्यासाठी हसं कशाला. भजनी मंडळात कुणीतरी त्या बाईला मुलगा नसूनही सून देऊन टाकली आणि सुनेला मान खाली घालायला लावली. आहेर म्हणाला, "म्हातारपणी लय हौस हाय की!"

हे सगळं मी रोज संध्याकाळी वर जाऊन, शब्द न बदलता, ताईंना ऐकवलं. आवाज काढून ऐकवलं. त्या वही न उघडता ऐकायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुणीच तिच्या बाजूनं नाही बोललं?"

"एकही नाही!" मी खुशीत सांगितलं. "घट्ट लागलंय ताई. उपडं केलं तरी पडणार नाही."

"बरं," म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी दुपारी मी लायब्ररीत गेलो होतो. मंगलसाठी ताईंचं एक जुनं पुस्तक बदलून आणायचं होतं. टेबलाशी एक गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, पायाशी प्रवासाची बॅग, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून हात जरा लांब धरलेले. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक बघितलं, खिशातून स्टीलची डबी काढली आणि दोन बोटांनी एक वेलदोडा माझ्यापुढे धरला. "तोंडात टाका," ते म्हणाले, "मग बोलू."

मी तो तोंडात टाकला.

"कुमुदताईंचं वाचता वाटतं?"

"मी... त्यांच्या खालीच राहतो."

"असं? मी खैरनार. एस.टी.त कंट्रोलर होतो." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "त्यांच्या एका पुस्तकात पेठची गाडी सकाळी सातला सुटत होती. ती पावणेसातची हो. मी पत्र लिहिलं. त्यांनी उत्तर लिहिलं. मग दर पुस्तकातल्या गाड्यांच्या वेळा त्या मला विचारून घ्यायला लागल्या. कितीतरी गाड्या सोडल्या आम्ही." त्यांनी डबी खिशात ठेवली. "आता पुढच्या पुस्तकाला दुसऱ्या कुणालातरी विचारा म्हणावं. मी निघालो. नागपूरला, मुलाकडे. साडेचारची आहे."

"परत कधी येणार?"

"आता इकडे तसं काही काम उरलं नाही." त्यांनी बॅग उचलली, मला नमस्कार केला आणि गेले.

तोंडात वेलदोडा, आणि गेल्या पंधरवड्यातले माझे सगळे विनोद एकामागून एक आठवू लागले. मी स्कूटर हाणली. कॉलनीच्या तोंडाशी भामरे गिरणीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी हात करून थांबवलं. "साहेब, त्या इंदिरानगरच्या बाईनी नाही म्हणून सांगितलं. बुधवारीच. ताई स्वतः सांगून गेल्या. बरं झालं ना?"

हे दही होतं की खरं होतं? आता मला काहीच कळेना. मी भामऱ्यांवर उगाचच खेकसलो आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेलो.

ताई खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या.

"ताई, ती बाई तुम्ही."

"कोणती?"

"इंदिरानगरची."

"मी गंगापूर रोडला राहते," त्या म्हणाल्या. मग हातातली शेंग ताटात ठेवली. "हो."

"आणि बुधवारी...?"

"नाही म्हटलं. ते 'बरं' म्हणाले."

मी शेंगांच्या ताटासमोर बसलो. "मला सांगायचं नाही का? मी काय काय बोललो! विनोदी कादंबरी म्हणालो. त्या आहेरची नक्कल करून दाखवली तुम्हाला. ताई, मला माफ करा."

"तुझी काय चूक? मी जे विचारलं त्याचंच उत्तर तू आणून दिलंस. मला सरळ विचारताच आलं नाही रे. मी विचारतेय, मला हवंय, असं कधी म्हटलंच नाही मी. कायम कुठल्यातरी गल्लीतली कुणीतरी बाई." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "वाटलं होतं, एवढ्या माणसांत एखादा तरी म्हणेल, करू दे की तिला लग्न. एकानं म्हटलं असतं तरी मला पुरलं असतं."

"मी म्हणतो! आत्ता म्हणतो! चला, स्कूटर खाली आहे. सव्वाचार झालेत. सी.बी.एस. स्टँड गाठू."

ताई हसल्या. "माझ्या चौदा कादंबऱ्यांत मधेच कुठंतरी नायिका स्टँडवर धावत जाते आणि चौदाही वेळा गाडी उशिरा सुटते. ही साडेचारलाच सुटेल. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, स्वतःची उशिरा सोडतील होय?"

आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो. काटा साडेचारवर आला. "सुटली," ताई म्हणाल्या.

"पत्र लिहा," मी म्हटलं.

ताईंनी पदरावरची टरफलं झटकली. मग उठल्या. वही घेतली नाही, कोरा कागद घेतला. पेन घेतलं. वर उजवीकडे तारीख घातली, आणि खाली एक शब्द लिहिला: मी. तिथं पेन थांबलं.

"पुढे काय रे?" त्यांनी मला विचारलं.

दहा वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत असायचो. आत्ताही जिभेवर चार वाक्यं आली. चारही वाईट होती. "मला माहीत नाही ताई," मी म्हटलं. "तुमचं तुम्हीच सांगा."

त्यांनी माझ्याकडे जरा चमकून बघितलं. मग मान खाली घातली आणि लिहू लागल्या. मी ताट ओढून घेतलं आणि शेंगा सोलत बसलो. दोन पानं झाली. एकही शब्द खोडला नाही. ज्या बाईच्या खर्ड्यात एक माणूस तीनदा मरून चौथ्यांदा दारात उभा राहायचा, तिनं दोन पानांत एकही शब्द खोडला नाही. पाकिटावर नागपूरचा पत्ता घातला तो कुठंही न बघता, पिन कोडसकट.

"टाकून ये," त्या म्हणाल्या.

"ताई, शपथ घेऊन सांगतो, कुणालाही सांगणार नाही. मंगललासुद्धा नाही."

"ते राहू दे रे!" ताई घड्याळाकडे बघत जवळजवळ ओरडल्याच. "कोपऱ्यावरची पेटी पाचला उघडतात. पाच वाजत आले. पळ!"

मी चपला न शोधता पळालो.